दहा डोळ्यांचे अक्षर

इसवी सन १४२९ च्या सुमारास लिहिलेल्या, स्तोत्रसंहितेच्या एका स्लाव्ह पोथीत ‘सेराफीमि म्नोगोओचितीइ’ असे दोन शब्द आले आहेत. अर्थ सरळ आहे : बहुनेत्र सराफीम. ‘म्नोगो’ म्हणजे पुष्कळ आणि ‘ओचि’ म्हणजे डोळे. या दुसऱ्या शब्दात ओ हे अक्षर तीनदा येते. त्यांपैकी पहिले दोन ओ साधे, नेहमीचे वाटोळे आहेत. तिसऱ्या ओपाशी, म्हणजे जेथून ‘डोळे’ हे पद सुरू होते तेथे, लेखनिकाने एका वर्तुळाऐवजी दहा वर्तुळे एकमेकांस लगटून काढली आणि प्रत्येकाच्या पोटात एकेक ठिपका ठेवला. अक्षरास डोळे फुटले. स्लाव्ह हस्तलिखितांच्या अफाट राशीत हे अक्षर या एकाच ठिकाणी आढळल्याची नोंद आहे. पुढे ते कोणी गिरवले नाही, कोणा बालकास शिकवले नाही. तरीही आज जगातील संगणकांच्या लेखी त्यास ४२६०६ हा स्वतःचा कायमचा अंक आहे.

एका अनामिक लेखनिकाची लहर आणि सर्व लिपींचा हिशेब ठेवणारी आधुनिक संस्था यांची गाठ या हकीकतीत पडली आहे. त्या गाठीतून निघणारे प्रश्न केवळ रशियातील पंडितांचे नाहीत. एकदाच लिहिल्या गेलेल्या आकृतीस अक्षर म्हणावे काय, आणि म्हटलेच तर ते कोणत्या प्रतीवरून घ्यावे, हे प्रश्न मोडीचे कागद हाताळणाऱ्या आणि देवनागरीत मजकूर छापणाऱ्या आपणां सर्वांचेही आहेत.

स्लाव्ह लोकांस लिपी उशिरा मिळाली. ८६३ साली बायझंटियमच्या सम्राटाने थेस्सलोनिकी नगरीचे दोन बंधू, कॉन्स्टंटाइन व मेथोडियस, यांस मोराव्हिया देशी धर्मोपदेशासाठी धाडले. त्या कार्यासाठी कॉन्स्टंटाइनने जी लिपी रचली ती ग्लागोलिती. पुढे ८६९ साली रोम येथे मृत्युशय्येवर असता त्याने यतिधर्म स्वीकारून सिरिल हे नाव घेतले. आज जिला त्याच्या नावावरून सिरिलिक म्हणतात ती लिपी मात्र त्याची नव्हे, असेच बहुतेक विद्वान मानतात. ती नवव्या शतकाच्या अखेरीस बल्गेरियात, ग्रीकांच्या ठसठशीत ग्रांथिक अक्षरांवरून सिद्ध झाली. ९८८ साली कीव्हच्या राजाने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर धर्मग्रंथांबरोबर ती रुस देशी रुजली. लिपी एकाची आणि नाव दुसऱ्याचे, असा प्रकार इतिहासात नवा नाही.

ग्रीकांकडून अक्षरे घेताना स्लाव्हांनी एक चैनही उचलली. ग्रीकांपाशी ओ दोन होते. एक ऱ्हस्व, ओमिक्रॉन. दुसरा दीर्घ, ओमेगा. स्लाव्ह भाषेत ओ हा ध्वनी एकच, पण अक्षरे दोन्ही आली आणि राहिली. त्यांस संख्याही बहाल झाल्या होत्या : साध्या ओची किंमत ७० आणि ओमेगाची ८००. आपल्याकडील कटपयादी पद्धतीशी परिचय असणाऱ्यांस या संख्यालेखनाचे नवल वाटणार नाही. ध्वनी एक आणि चिन्हे दोन, अशी स्थिती झाली म्हणजे कोठे कोणते चिन्ह योजावे हे कानाने ठरत नाही; ते डोळ्याने, परंपरेने किंवा हौसेने ठरते. १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांपर्यंत आपणही उच्चारात नसलेले अनुस्वार केवळ व्युत्पत्तीच्या मानासाठी अक्षरांच्या डोक्यावर मिरवीत होतोच. स्लाव्ह लेखनिकाच्या हाती दोन ओ आल्यावर तिसरा, चौथा, पाचवा ओ निघण्यास फारसा अवकाश नव्हता.

ते निघाले ते डोळ्यापासून. स्लाव्ह भाषांत डोळ्यास ‘ओको’ म्हणतात. हा शब्द आणि आपला संस्कृत ‘अक्षि’ एकाच आदिम धातूची संतती होत. ‘ओको’ची दोन्ही टोके ओकारानेच सांधलेली. वाटोळा ओ हे बुबुळावाचूनचे नेत्रगोलकच. त्यात एक ठिपका ठेवला की तो पाहू लागतो. हा एकाक्ष ओ पुष्कळ पोथ्यांत ‘ओको’ या शब्दात सापडतो. येथे व्याकरणही मदतीस धावले. जुन्या स्लाव्ह भाषेत संस्कृताप्रमाणे द्विवचन होते, आणि डोळे तर निसर्गतः जोडीचे. तेव्हा ‘ओचि’, म्हणजे ‘दोन डोळे’, हे द्विवचनी रूप लिहिताना कित्येक लेखनिकांनी एकाच ओमध्ये दोन ठिपके दिले, तर काहींनी एकाक्ष ओ शेजारी शेजारी जोडून टाकले. एकवचनास एक डोळा, द्विवचनास दोन. राहता राहिले बहुवचन. ती उणीव आपल्या पोथीतील त्या लेखनिकाने दहा डोळ्यांनी भरून काढली. हे सारे केवळ खेळ होते असे म्हणवत नाही. शब्दाचे वचन प्रत्ययात असतेच. येथे ते अक्षराच्या पोटातही उतरले, एवढेच.

पण मग सराफीमांस इतके डोळे आले कोठून? ख्रिस्ती वाचकांस ठाऊक असेल की यशयाच्या सहाव्या अध्यायातील सराफीमांस सहा सहा पंख आहेत. डोळ्यांचा तेथे उल्लेख नाही. अंगभर डोळे असलेले ते यहेज्केलाच्या दर्शनातील करूब. प्रकटीकरणाच्या चौथ्या अध्यायात सिंहासनाभोवती चार प्राणी उभे आहेत, त्यांच्या ठायी सहा पंख आणि असंख्य डोळे ही दोन्ही लक्षणे एकत्र झाली आहेत. पौर्वात्य ख्रिस्ती उपासनेत सामान्यतः करूबांस ‘बहुनेत्र’ आणि सराफीमांस ‘षट्पक्ष’ म्हणण्याचा प्रघात आहे. आपल्या पोथीत करूबांचे विशेषण सराफीमांकडे गेलेले दिसते. आपल्या पुराणांतही सहस्राक्ष इंद्र आहे, आणि त्याच्या डोळ्यांची कथा काही फारशी भूषणावह नाही. पण इंद्राच्या नावातील एखाद्या अक्षरास त्या लेखनिकाप्रमाणे कोणी डोळे काढून दिल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

ही पोथी मॉस्कोच्या ईशान्येस सुमारे सत्तर किलोमीटरांवर असलेल्या, संत सेर्गियसच्या त्रैक्य मठाच्या संग्रहातील. सेर्गियस १३९२ साली निवर्तला. पोथीच्या काळी त्या मठाचे पाषाणमंदिर नुकतेच उभे राहिले होते आणि आंद्रेई रुब्लेव्हसारखा चित्रकार तेथे भित्तिचित्रे रंगवून गेला होता. तो काळ रशियन लेखनकलेतही नटण्याचा होता. बाल्कन प्रदेशातून आलेल्या ग्रंथांच्या प्रभावाने ग्रीक वळणाची अक्षरे, निरुपयोगी पण देखणी चिन्हे आणि डौलदार मथळे यांची रशियन पोथ्यांत चलती झाली होती. पुढे हा सारा संभार ओसरला. पीटर बादशहाने १७०८ साली नागरी कामकाजासाठी सुटसुटीत टंक पाडविले, त्यांत कित्येक जुनी अक्षरे गळाली. १९१८ च्या सुधारणेने आणखी काही गेली. क्रांतीनंतर मठ बंद झाला आणि त्याचे ग्रंथ मॉस्कोच्या मोठ्या ग्रंथालयात गेले, ज्यास आज रशियन राज्य ग्रंथालय म्हणतात. डोळस ओ कोणी रद्द केला नाही, कारण तो कोणत्याच वर्णमालेत कधी नव्हता.

त्यास विस्मृतीतून काढले ते येफीम कार्स्की यांनी. जन्माने बेलारूसी असलेले हे पंडित (१८६१–१९३१) स्लाव्ह हस्तलिखितांचे मोठे जाणकार. त्यांचा सिरिलिक पुरालिपिशास्त्रावरील ग्रंथ १९२८ साली लेनिनग्राड येथे निघाला, आणि १९७९ साली त्याचे पुनर्मुद्रण झाले. अक्षराअक्षराची वळणे नोंदविताना त्यांनी या बहुनेत्र ओचीही नोंद केली. हे अक्षर पुढील विद्वानांस ठाऊक झाले ते मुख्यतः या नोंदीमुळे.

यापुढील भाग संगणकाचा. संगणकास आकृती कळत नाही, अंक कळतो. आपण ‘क’ लिहिला की तो एक अंक साठवितो, आणि वाचताना त्या अंकास टंकातील जी आकृती नेमून दिली असेल ती पडद्यावर काढतो. १९६३ च्या अमेरिकी संकेतपद्धतीत सगळे मिळून १२८ अंक होते. त्यांत रोमन लिपीखेरीज कोणास जागा मिळणे शक्यच नव्हते. मग ज्याने त्याने आपापले अंक ठरविले, आणि एकाचा मजकूर दुसऱ्याच्या यंत्रावर गेला की त्याची खिचडी होऊ लागली. जुन्या मराठी टंकांत लिहिलेली पत्रे दुसरीकडे उघडल्यावर काय दिसते, हे ज्यांनी अनुभवले असेल त्यांस अधिक सांगणे नको. या गोंधळावर तोडगा म्हणून युनिकोड निघाले. त्याची पहिली आवृत्ती १९९१ सालची. तिच्यात सिरिलिक होती आणि देवनागरीही होती. आपली देवनागरी तेथे भारतीय मानकाच्या, इस्कीच्या, आधारे बसविली गेली.

युनिकोडचा एक मूलभूत दंडक आहे : अंक अक्षरास द्यावयाचा, त्याच्या वळणास नव्हे. हा दंडक मराठी माणसास चांगलाच परिचित असावयास हवा, कारण त्याची झळ त्यास लागलेली आहे. मराठीचा ‘ल’ आणि हिंदीचा ‘ल’, मराठीचा ‘श’ आणि हिंदीचा ‘श’ यांची वळणे निराळी. २००९ साली महाराष्ट्र शासनाने वर्णमालेविषयी जो निर्णय काढला त्यातही मराठी वळणांचा आग्रह धरलेला आहे. तथापि युनिकोडमध्ये दोन्ही वळणांस अंक एकच. मराठी वळण हवे असेल तर तशी सोय टंकात करावी, अशी व्यवस्था. कोट्यवधी लोकांच्या रोजच्या ‘ल’ला वेगळा अंक नाही, आणि सहा शतकांपूर्वी एकदाच लिहिलेल्या दशाक्ष ओला तो आहे! हे प्रथमदर्शनी अन्यायाचे वाटते. आमच्या मते मात्र दोन्ही निर्णय बरोबर आहेत, आणि ते एकाच कसोटीने बरोबर ठरतात.

कसोटी अशी की, एकाच हाताच्या एकाच लेखनात ही दोन चिन्हे जाणूनबुजून वेगळी योजलेली आहेत काय? मराठी लिहिणारा एका ओळीत दोन प्रकारचे ‘ल’ योजून त्यांतून काही सुचवीत नाही. त्याचे वळण एक, हिंदी लिहिणाराचे दुसरे; अक्षर तेच. उलट आपल्या लेखनिकाने एकाच शब्दात दोन साधे ओ काढले आणि तिसरा डोळस काढला. त्याने निवड केली. ती पोथी जशीच्या तशी छापू इच्छिणाऱ्या संपादकास ही निवड मजकुरातच दाखवावी लागणार. तेथे साधा ओ घालून ‘येथे चित्र आहे’ अशी तळटीप देणे म्हणजे पाठ बदलणेच होय. एकाक्ष व द्व्यक्ष ओंविषयी तर शंकाच नको, कारण ते अनेक पोथ्यांत येतात. बहुनेत्राच्या बाबतीत आम्ही एवढे कबूल करू की एकमेव उदाहरणावर अक्षर उभे करणे हा कसोटीचा शेवटचा ताण आहे. त्यापुढे गेल्यास प्रत्येक नक्षीदार आद्याक्षर अंक मागू लागेल.

२००७ साली मायकेल एव्हरसन आणि स्लाव्ह हस्तलिखितांचे काही अभ्यासक यांनी जुन्या सिरिलिक अक्षरांचा एक मोठा प्रस्ताव मांडला. तो मान्य होऊन एप्रिल २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत ती अक्षरे दाखल झाली. एकाक्ष, द्व्यक्ष आणि जोडएकाक्ष या ओंस मोठ्या व लहान अक्षरांच्या जोड्या मिळाल्या. बहुनेत्रास जोडी नाही. ज्याचे एकच उदाहरण आहे त्याचे मोठे कोणते आणि लहान कोणते हे कसे सांगावे?

त्या आवृत्तीत एकंदर १,६२४ नवी चिन्हे आली. त्याच यादीत देवनागरीचे एक अक्षर आहे, ज्याच्याकडे आमच्या वाचकांनी विशेष लक्ष द्यावे असे आम्हांस वाटते. ते म्हणजे ‘ॲ’. त्याचा अंक २४१८. ‘ॲप’, ‘ॲसिड’, ‘ॲडमिशन’ असे शब्द मराठीत लिहिणारा आणि देवनागरी कोंकणीत लिहिणारा, दोघांसही ते लागते. हिंदीकडे या ध्वनीसाठी ए वर चंद्र देण्याची रीत. त्यास अंक पूर्वीपासून होता. मराठीची रीत अ वर चंद्र देण्याची. तिला २००८ पर्यंत स्वतंत्र अंक नव्हता. तोवर लोक अ आणि चंद्र ही दोन चिन्हे जोडून काम भागवीत. पडद्यावर दिसे ते सारखेच. पण यंत्राच्या लेखी जोडून केलेला ‘ॲ’ आणि अंक मिळालेला ‘ॲ’ ही निरनिराळी लेखने आहेत, आणि आजही एक शोधू गेल्यास दुसरे सापडेलच अशी खात्री नसते. संग्रहालयांच्या याद्या आणि शब्दकोश संगणकावर चढविणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे. जे अक्षर जगात एकदाच लिहिले गेले ते आणि जे आपण दिवसातून दहादा लिहितो ते, एकाच महिन्यात एकाच दाराने आत आले.

असा योग पुन्हाही आला. जून २०१४ च्या ७.० या आवृत्तीत सिरिलिकचे आणखी काही ओ दाखल झाले. त्यांत एक जोडओ, आणि दुसरा पोटात क्रूस असलेला. हा दुसरा ‘ओक्रेस्त’ म्हणजे ‘सभोवार’ या शब्दात येतो, आणि त्या शब्दात ‘क्रेस्त’ म्हणजे क्रूस दडलेला आहे. लेखनिकांची श्लेषबुद्धी अशी दूरवर पोचते. याच आवृत्तीत मोडी लिपी आली. इंदूर, ग्वाल्हेर, वडोदे येथील दप्तरांत ज्या लिपीतील कागदांचे रुमालच्या रुमाल बांधून ठेवलेले आहेत तिला संगणकात आपली जागा मिळण्यास २०१४ साल उजाडावे लागले. मोडीच्या अंकांसाठी मराठी भाषकांनी किती उत्साह दाखविला होता याचा विचार ज्याने त्याने आपल्या मनाशी करावा. स्लाव्ह पंडित एका ओचे डोळे मोजीत होते, ही थट्टेची गोष्ट नव्हे.

परंतु डोळे मोजण्यातच चूक झाली होती. २००८ च्या तक्त्यात बहुनेत्र ओची जी नमुना-आकृती छापली गेली तिच्यात डोळे सात होते, आणि ती आकृती ओळीच्या तळरेषेवर नीट बसविलेली होती. टंक करणारे मूळ पोथी उघडीत नाहीत. ते तक्ता पाहतात. त्यामुळे सप्ताक्ष ओ जगभर पसरला. तेरा वर्षांनी, २०२१ साली, या अक्षराविषयी पुन्हा कुतूहल जागे होऊन पोथीतील मूळ शब्दाकडे नजर गेली तेव्हा दिसले की डोळे दहा आहेत, आणि त्यांचा घोस तळरेषेच्या खालीही उतरला आहे. २०२२ साली एव्हरसन यांनीच दुरुस्तीचा प्रस्ताव दिला आणि त्या सप्टेंबरच्या १५.० या आवृत्तीत ओला त्याचे उरलेले तीन डोळे परत मिळाले.

लेखनिकांच्या चुका हा पोथ्यांचा जुना रोग आहे. नाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती याच रोगावर. संगणकाने नक्कल करताना अक्षर चुकत नाही हे खरे. पण पहिलेच अक्षर चुकीचे बसले तर ती चूकही तितक्याच निर्दोषपणे कोटी ठिकाणी जाते. येथे एक गोष्ट युनिकोडच्या पदरी टाकली पाहिजे. एकदा दिलेला अंक काढून घ्यावयाचा नाही आणि दिलेले नाव बदलावयाचे नाही, असा त्यांचा नियम आहे. नमुन्याची आकृती मात्र दुरुस्त करता येते. नाव ‘बहुनेत्र ओ’ असेच ठेवलेले होते, ‘सप्तनेत्र’ नव्हे, म्हणून निभावले. नाव देणाराने संख्या घातली असती तर ती चूक कायमची नोंदली गेली असती.

अंक तोच आणि आकृती बदललेली, याचा परिणाम मोठा मौजेचा झाला आहे. २०१० साली कोणी एखाद्या लेखात हे अक्षर योजले असेल तर तेव्हा ते सात डोळ्यांनी पाहत होते. तोच लेख, त्यातील एकही चिन्ह न हलविता, नव्या टंकात उघडला तर ते दहा डोळ्यांनी पाहू लागते. जुना टंक असेल तर अजून सातच. वाचकांपैकी कोणाच्या यंत्रावर कोणता टंक असेल हे आम्हांस सांगता येत नाही, आणि म्हणून हे अक्षर येथे छापलेले नाही.